एमओएस-२ च्या नॅनोपत्र्यांतून दिसणारी वलयं: अरेषीय अपवर्तन की नुसती उष्णता?

पारसिक

नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात एमएस्सी प्रकल्पासाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या (पुढे एमओएस-२ लिहितो) नॅनोपत्र्यांवर काम चालू आहे. सगळे आकडे देतो, जाणकारांनी तपासावेत.

नमुना: २५० मिलिग्रॅम पावडर, ५० मिली एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन हा द्रावक), बाथ सॉनिकेटरमध्ये (स्वनातीत लहरींच्या टाकीत) ८ तास, मग सेंट्रिफ्यूज मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ४५ मिनिटं. वरचा दोनतृतीयांश द्रव घेतला. रंग गडद हिरवट. शोषण-वर्णपटात ६७२ आणि ६१२ नॅनोमीटरला उंचवटे स्पष्ट आहेत.

मांडणी: ५३२ नॅनोमीटरचा सलग चालणारा हिरवा लेझर, क्युवेटवर (नमुना भरायच्या काचेच्या कुपीवर) ४० मिलिवॉट, भिंगावर शलाकेची त्रिज्या १ मिलिमीटर, भिंग २०० मिलिमीटरचं, १० मिलिमीटरचा क्युवेट बरोबर नाभीवर. पारगमन ४५ टक्के. २ मीटरवरच्या पडद्यावर १२ वलयं मिळतात. साधारण सेकंदाभरात वरचा अर्धा भाग चपटा होतो.

नाभीवरची त्रिज्या ३४ मायक्रोमीटर धरली, तीव्रता २.२ × १०^७ वॉट प्रति चौरस मीटर, परिणामी लांबी ६.९ मिलिमीटर. वलयांच्या संख्येवरून एन-२ (तीव्रतेबरोबर अपवर्तनांक किती बदलतो ते सांगणारा गुणांक) येतो ४.२ × १०^-११ चौरस मीटर प्रति वॉट.

प्रश्न दोन. हा आकडा प्रबंधात द्यावा का? आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या संस्थेत ५३२ नॅनोमीटर, ६ नॅनोसेकंद, १० हर्ट्झच्या एनडी-याग लेझरवर झेड-स्कॅनसाठी दोन दिवस मिळाले आहेत. तयारी काय करावी?

खाडीपलीकडे

गणित बरोबर आहे, पण त्याला एमओएस-२ चा एन-२ म्हणता येणार नाही.

आधी आकड्याचा अदमास घ्या. कार्बन डायसल्फाइड हा या क्षेत्रातला मापदंड द्रव. पिकोसेकंद स्पंदांनी त्याचा एन-२ सुमारे ३.१ × १०^-१८ चौरस मीटर प्रति वॉट मिळतो. तुमचा आकडा त्याच्या कोटीहून अधिक पट आहे, तोही द्रवात अगदी विरळ तरंगणाऱ्या पत्र्यांसाठी. असा आकडा दिसला की पहिला संशय उष्णतेवर घ्यायचा.

आता उष्णतेचा हिशोब. शलाकेने तापलेला द्रव स्वतःच भिंगासारखा वागतो, ते उष्ण भिंग. त्यामुळे येणारा कलाफरक = शोषलेली शक्ती × अपवर्तनांकाचा दर अंशाला होणारा बदल ÷ (तरंगलांबी × द्रवाची उष्णतावाहकता). क्युवेटमध्ये ४० पैकी २२ मिलिवॉट अडतात. सेंद्रिय द्रावकाचा नमुना म्हणून इथेनॉलचे आकडे घेऊ: अपवर्तनांक दर अंशाला ४ × १०^-४ ने घटतो, वाहकता ०.१६७. भागाकार येतो सुमारे ९९ रेडियन. ६.२८ ने भागलं की जवळपास १६ वलयं.

म्हणजे पत्र्यांत कसलाही अरेषीय गुण नसता, नुसती काळी शाई असती, तरी १६ च्या आसपास वलयं दिसली असती. तुम्हाला १२ दिसली. १० मिलिमीटर जाडीचा क्युवेट, द्रवातला संवहन-प्रवाह आणि विखुरण्यात गेलेला प्रकाश धरला तर हा मेळ चांगलाच म्हणायचा. वरचा भाग चपटा होणं हीही उष्णतेचीच खूण. गरम द्रव वर चढतो, त्यामुळे वरच्या बाजूचा तापमान-उतार मोडतो.

करण्यासारख्या चाचण्या, कमी कष्टाची आधी:

फोनचा संथ-चित्रण कॅमेरा सेकंदाला २४० चौकटींवर ठेवा, म्हणजे एक चौकट सुमारे ४ मिलिसेकंदांची. पुठ्ठ्याने शलाका अडवून एकदम सोडा. तुमच्या ३४ मायक्रोमीटरच्या ठिपक्यासाठी उष्णता पसरण्याचा काळ ३ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. वलयं एकेक करून अनेक चौकटींमध्ये वाढत गेली तर तो इलेक्ट्रॉनांचा तात्काळ प्रतिसाद नाही.

शलाका आरशाने उभी वळवून क्युवेटच्या तळातून वर न्या. संवहन आता शलाकेच्या दिशेनेच होतं, म्हणून वलयं गोल राहतात. चपटेपणा गेला की कारण कळलं.

तिसरी चाचणी सगळ्यात निर्णायक: द्रावक बदला. पाण्याचा अपवर्तनांक दर अंशाला फक्त १ × १०^-४ ने बदलतो आणि उष्णतावाहकता ०.६ आहे. इथेनॉलच्या मानाने उष्ण भिंग सुमारे १४ पट दुबळं. तेच पत्रे, तितकंच पारगमन, तीच शक्ती. पत्र्यांचा स्वतःचा गुण असेल तर वलयं फारशी घटणार नाहीत. उष्णता असेल तर एखाददुसरं वलय उरेल.

हिरवा_किरण

थोडा मतभेद. या प्रकारच्या वलयांवर ग्राफीनपासून एमओएस-२ पर्यंत बरंच छापून आलं आहे आणि अनेक ठिकाणी कारण इलेक्ट्रॉनिक सुसंगती असं दिलं आहे. पत्रे विद्युत-क्षेत्राच्या दिशेला हळूहळू वळतात, त्यामुळे वलयं वाढायला वेळ लागतो, असं ते प्रारूप आहे. मग वेळ लागतो म्हणून उष्णताच, असं कसं म्हणायचं?

खाडीपलीकडे

रास्त मुद्दा. पत्र्यांचं वळणं खरंच घडतं. लांबरुंद पातळ पत्रा ध्रुवीकृत प्रकाशात वळणारच. म्हणून नुसत्या वेळेवरून निवाडा होत नाही, आणि म्हणूनच द्रावक-बदलाची चाचणी निर्णायक म्हटली. सोबत एक अरेषीय गुण नसलेला साक्षीदार ठेवा: जेन्शियन व्हायोलेट, म्हणजे जखमेवर लावायचं जांभळं औषध ज्या रंगद्रव्यापासून करतात ते. ५३२ वर ते शोषतं आणि पातळ द्रावणात जवळजवळ चमकत नाही, म्हणजे शोषलेली ऊर्जा बहुतेक सगळी उष्णता होते. रेणू लहान असल्याने पत्र्यांसारखं वळणंही नाही. त्याच द्रावकात पारगमन ४५ टक्क्यांवर आणा. वलयं तितकीच आली तर वळण्याचा आणि सुसंगतीचा वाटा नगण्य.

माझं म्हणणं इतकंच की सलग लेझरच्या वलयांवरून काढलेला आकडा हा द्रावक, ठिपक्याचा आकार आणि क्युवेटची जाडी यांचा मिळून असतो. त्याला पदार्थाचा स्थिरांक म्हणून तक्त्यात बसवू नये.

येऊर_पायवाट

प्रकाशाकडे जाण्याआधी नमुना. निम्मी गडबड इथेच असते.

१५०० फेरे ही अपुरी माहिती आहे. रोटरची त्रिज्या द्या किंवा थेट गुरुत्वाच्या पटीत लिहा: १.११८ × १०^-५ × त्रिज्या सेंटीमीटरमध्ये × फेऱ्यांचा वर्ग. १० सेंटीमीटर त्रिज्येला १५०० फेरे म्हणजे सुमारे २५० पट, ५००० फेरे म्हणजे सुमारे २८०० पट. तुमच्या द्रवात जाड, न सुटलेले तुकडे भरपूर असणार. ६७२ वरचा उंचवटाही तेच सांगतो. पत्रा पातळ होत गेला की तो लघु तरंगलांबीकडे सरकतो.

पद्धत अशी ठेवा. पहिला एक तास सॉनिकेशन करून सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा द्रव फेकून द्या, पावडरमधली मळी त्यात जाते. खालच्या गाळात ताजा द्रावक घालून मुख्य सॉनिकेशन. प्रोब (द्रवात बुडवायचा सॉनिकेटर) असेल तर ६ सेकंद चालू, २ सेकंद बंद, ५ तास, भांडं बर्फात. बर्फ वितळला की बदलायचा, नाहीतर द्रव तापतो आणि पत्रे परत चिकटतात. मग २५० पटीवर ९० मिनिटं, गाळ टाकायचा. वरचा द्रव २८०० पटीवर ९० मिनिटं, आता गाळ ठेवायचा आणि वरचा द्रव टाकायचा. तो गाळ थोड्या ताज्या द्रावकात परत मिसळला की आकार बराच सारखा असलेले पत्रे हाती येतात. प्रोबच्या टोकाचे टायटॅनियमचे कण पहिल्याच फेरीत खाली बसतात.

एनएमपीची एक खोड फार जणांना फसवते. तासन्‌तास सॉनिकेशन केलं की तो स्वतःच पिवळट होतो आणि चमकायला लागतो. कोरा संदर्भ म्हणून बाटलीतला ताजा एनएमपी वापरू नका. तितकेच तास सॉनिकेट केलेला कोरा एनएमपी ठेवा. शिवाय तो हवेतलं पाणी ओढतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच पाणी. बाटली उघडी ठेवली की द्रावकाचा गुण बदलतो आणि पत्रे लवकर गोळा होतात. भरलेल्या बाटलीचं बूच पॅराफिल्मने बंद करा.

हातमोज्यांचं सांगायलाच हवं. साध्या नायट्राइलमधून एनएमपी पटकन आरपार जातो आणि तो गर्भाला अपायकारक आहे. ब्यूटाइल रबरचे हातमोजे घ्या. विद्यार्थिनी काम करत असतील तर हे आधी सांगा.

पाण्यातल्या चाचणीसाठी सोडियम कोलेट, मिलीला १ ते २ मिलिग्रॅम. बाकी कृती तीच, फक्त हलवताना फेस होऊ देऊ नका. पाण्यातला नमुना आठवड्याभरात वापरा, कडांचं ऑक्सिडीकरण होतं.

रमन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पवईच्या आयआयटीतली सामायिक उपकरण-सुविधा तुम्हाला सोयीची आहे. इतर ठिकाणची उपकरणं आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात. रमनमध्ये दोन मुख्य रेषांतलं अंतर बघा: एकस्तरी पत्र्यात सुमारे १९, ठोकळ्यात सुमारे २५ प्रति सेंटीमीटर. द्रवातून काचेवर सुकवलेल्या थरात पत्रे एकावर एक बसतात, त्यामुळे हे अंतर जाडीकडे झुकलेलं येईल. एकेका पत्र्याची जाडी हवी तर खूप विरळ थेंब घ्या.

मासुंदा

येऊर यांच्या म्हणण्यात एक भर. स्पेक्ट्रोफोटोमीटर जे दाखवतो ते शोषण आणि विखुरणं मिळून असतं. जाड पत्रे भरपूर विखुरतात. ४५ टक्के पारगमन म्हणजे ५५ टक्के शोषण असं धरून खाडीपलीकडे यांनी हिशोब केला आहे, खरं शोषण त्याहून कमी असेल. वर्णपटाचं लांब तरंगलांबीकडचं टोक बघा. ८०० च्या पुढे एमओएस-२ फारसा शोषत नाही, तरी रेषा शून्यावर न येता तिरकी चालत असेल तर ते विखुरणं. सेंट्रिफ्यूज नीट झाला की ही शेपटी खाली येते. शोषण वेगळं काढायचं तर एकात्मन-गोल (विखुरलेला प्रकाशही गोळा करणारा, आतून पांढरा पोकळ गोल) लागतो.

तुर्भे_नाका

दोन दिवसांच्या झेड-स्कॅनबद्दल लिहितो.

ज्यांना पद्धत नवी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. शेख-बहाई आणि सहकाऱ्यांनी ती १९८९ मध्ये मांडली, १९९० मध्ये सविस्तर लिहिली. नमुना नाभीच्या अलीकडून पलीकडे सरकवायचा आणि दूरवर पोचणारी ऊर्जा मोजायची. सगळा प्रकाश गोळा केला (उघडं मापन) तर अरेषीय शोषण कळतं, समोर छिद्र ठेवून मधलाच भाग घेतला तर अपवर्तन. आधी दरी मग शिखर आलं तर एन-२ धन, आधी शिखर मग दरी तर ऋण. उष्णतेचा परिणाम ऋण असतो.

जाडी: नमुना रेली अंतरापेक्षा (नाभीपासून ज्या अंतरावर शलाकेचं क्षेत्रफळ दुप्पट होतं) पातळ हवा. २० मायक्रोमीटर त्रिज्येच्या नाभीला ५३२ वर रेली अंतर २.३६ मिलिमीटर. म्हणून १० मिलिमीटरचा क्युवेट घरी ठेवा, १ मिलिमीटरचा क्वार्ट्झ न्या. काचेच्या दोन्ही भिंती समांतर असाव्यात. क्युवेट थोडासा तिरका लावा म्हणजे परावर्तन लेझरमध्ये परत जात नाही. १ मिलिमीटरमध्ये पारगमन ७० टक्क्यांच्या आसपास आणा. याहून गडद असेल तर समोरचा भाग सगळं शोषतो आणि मागचा भाग नुसताच उभा राहतो.

नाभी: २०० मिलिमीटरच्या भिंगावर १.७ मिलिमीटर त्रिज्या आली तर नाभीवर २० मायक्रोमीटर मिळतात. पण हा कागदावरचा आकडा, मोजल्याशिवाय वापरू नका. दाढीचं नवं पातं सूक्ष्म सरकपट्टीवर लावून शलाका कापत जा. १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचं अंतर × ०.७८ = त्रिज्या. नाभीच्या दोन्ही बाजूंना सात-आठ ठिकाणी कापा म्हणजे रेली अंतरही मिळतं. पुढचं सगळं गणित या त्रिज्येच्या वर्गावर उभं आहे: त्रिज्येत १० टक्के चूक म्हणजे तीव्रतेत सुमारे २० टक्के. पातं नाभीजवळ जळतं, तेव्हा ऊर्जा एकदम खाली आणा.

ऊर्जा कमीजास्त करायला लेझरच्या आतल्या दिव्याचा व्होल्टेज फिरवू नका. त्याने स्पंदाची लांबी आणि शलाकेचा आकार दोन्ही बदलतात. अर्धतरंग पट्टी आणि ध्रुवक वापरा. तिथल्या चालकांना हे आधीच विचारून ठेवा, कारण ही जोडी मांडणीत नसेल तर पहिला अर्धा दिवस तिच्यातच जाईल.

शलाका: अशा लेझरची शलाका बऱ्याचदा गाउसी (मध्यावर सर्वांत तेजस्वी, कडेकडे सावकाश विरणारी) नसते. आयरिसने मधला स्वच्छ भाग घ्या आणि दूरवर कॅमेऱ्याने चित्र काढून ठेवा.

डिटेक्टर: एक संदर्भाला, एक उघड्या मापनाला, एक छिद्रामागे. मध्ये शलाका-विभाजक ठेवला तर दोन्ही मापनं एकाच फेरीत होतात. उघड्या मापनापुढे मोठं भिंग हवं, नाहीतर पसरलेला प्रकाश कडेने निसटतो आणि अपवर्तन शोषणासारखं दिसतं. डिटेक्टर रेषीय आहे का हे आधी बघा: अर्धा करणारा फिल्टर लावल्यावर आकडा अर्धा व्हायला हवा. छिद्रातून ३० ते ४० टक्के ऊर्जा जाऊ द्या.

सरक: नाभीपासून दोन्हीकडे २५ मिलिमीटर. मधल्या १२ मिलिमीटरमध्ये पाव मिलिमीटरची पावलं, बाहेर १ मिलिमीटरची. एकूण ८५-९० बिंदू. दर बिंदूला ३० स्पंद धरले तर १० हर्ट्झवर ३ सेकंद, सरकायला दोनेक सेकंद. एक फेरी ७-८ मिनिटांची. दिवसाला किती होतील ते यावरून मोजा.

क्रम: रिकामा क्युवेट, कोरा सॉनिकेट केलेला द्रावक, मापदंड, मग नमुना. प्रत्येक नमुन्याची एक फेरी इतक्या कमी ऊर्जेवर घ्या की अरेषीय काहीच दिसू नये. काचेचे डाग, क्युवेटची वाकडी चाल, सगळं तिच्यात येतं. ती मोठ्या ऊर्जेच्या फेरीतून वजा करा.

हिरवा_किरण

५३२ च्या लेझरबद्दल एक सूचना महाविद्यालयातल्या प्रयोगासाठी. स्वस्त हिरव्या लेझरमधून १०६४ आणि ८०८ नॅनोमीटरचं अवरक्तही निसटतं. बऱ्याच पॉइंटरमध्ये ते अडवणारी काच नसते. शक्तिमापक सगळं एकत्र मोजतो आणि हिरवी शक्ती फुगून दिसते. भिंगाआधी उष्णताशोषक काच लावून परत मोजा. गॉगलही नुसते हिरव्यासाठीचे असतील तर अवरक्तापासून डोळा वाचत नाही. नॅनोसेकंद लेझरजवळ घड्याळ, अंगठी, बांगडी काढून ठेवणं सक्तीचं.

पारसिक

फारच उपयोगी. अवरक्त काच लावून मोजलं, हिरवी शक्ती ३३ मिलिवॉट निघाली. म्हणजे आधीच्या गणितात तीव्रताही जास्त धरली गेली होती.

दोन शंका. १० हर्ट्झ, ६ नॅनोसेकंद म्हटल्यावर उष्णतेचा प्रश्न मिटला ना? दोन स्पंदांत १०० मिलिसेकंद आहेत, ठिपका तर मिलिसेकंदभरातच थंड होतो. आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या अवजड वाहनांच्या हादऱ्यांचा त्रास होतो, त्यावर काही उपाय?

खाडीपलीकडे

साठत जाणारी उष्णता मिटली. २० मायक्रोमीटरच्या ठिपक्याला पसरण्याचा काळ १ मिलिसेकंदाच्या घरात, त्यामुळे १० हर्ट्झला पुढच्या स्पंदापर्यंत काही उरत नाही. हेच ८० मेगाहर्ट्झच्या फेमटोसेकंद लेझरवर केलं असतं तर दोन स्पंदांत १२.५ नॅनोसेकंदच राहतात आणि उष्णता थरावर थर साठते. तिथे शलाका तुकड्यातुकड्याने सोडावी लागते.

पण एकाच स्पंदाच्या आतली उष्णता उरतेच. द्रव तापला की त्याची घनता बदलायला ध्वनीलहर ठिपक्याबाहेर पोचावी लागते: २० मायक्रोमीटर भागिले सुमारे १५०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे १३ नॅनोसेकंद. तुमचा स्पंद ६ चा. शेपटीकडच्या भागाला थोडं उष्ण भिंग लागणारच. म्हणून नॅनोसेकंदांच्या अपवर्तनाच्या आकड्याला "५३२ नॅनोमीटर, ६ नॅनोसेकंद, १० हर्ट्झ, अमुक द्रावक, अमुक त्रिज्या" हे सगळं चिकटवूनच लिहा. कार्बन डायसल्फाइडही नॅनोसेकंदांना पिकोसेकंदांइतकाच आकडा देईल असं धरू नका. मांडणी, चिन्ह आणि रेली अंतर तपासायला तो उत्तम. शोषणाचे आकडे मात्र बरेच भरवशाचे येतात.

तुर्भे_नाका

हादऱ्यांसाठी: जाड कडप्प्याची लादी, खाली स्कूटरच्या चार ट्यूब अर्धवट फुगवून. पूर्ण फुगवल्या तर कडक होतात आणि हादरा वर पोचतो. तळमजल्यावरची, रस्त्यापासून आतली खोली घ्या. क्युवेटचा धारक, छिद्राची पट्टी वगैरे वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही लेथवाल्याकडून ॲल्युमिनियममध्ये करून मिळतात. काळं ॲनोडायझिंग करून घ्या, चकचकीत धातू धोक्याचा. भिंगं हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. एसी रात्री बंद होणाऱ्या खोलीत पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते आणि ती लेपात शिरली की पुसून जात नाही.

मासुंदा

आकडेमोडीचा नमुना देते, म्हणजे तिथे बसून ताळा करता येईल.

५ मायक्रोज्यूल, २० मायक्रोमीटर, ६ नॅनोसेकंद: नाभीच्या मध्यावर ०.८ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर आणि शिखर-तीव्रता सुमारे ०.१२५ गिगावॉट प्रति चौरस सेंटीमीटर. ५० मायक्रोज्यूल घातले तर ८ ज्यूल होतात, तिथे द्रव उकळून बुडबुडे येतील. १ मायक्रोज्यूलपासून सुरुवात करा.

७० टक्के पारगमन, १ मिलिमीटर: शोषण-गुणांक ३.५७ प्रति सेंटीमीटर, परिणामी लांबी ०.८४ मिलिमीटर.

समजा उघड्या मापनात नाभीवर १० टक्के खड्डा आला. बीटा (अरेषीय शोषणाचा गुणांक) = ०.१ × २.८३ ÷ (तीव्रता × परिणामी लांबी) = सुमारे २७ सेंटीमीटर प्रति गिगावॉट. हे सूत्र लहान खड्ड्यांपुरतंच. मोठे असतील तर पूर्ण समीकरण बसवा.

छिद्रामागच्या वक्रात शिखर-दरी फरक ०.२ आणि छिद्रातून ४० टक्के जात असेल तर कलाफरक = ०.२ ÷ (०.४०६ × ०.६ चा चतुर्थमूळ) = ०.५६ रेडियन. आधी छिद्राचा वक्र उघड्या वक्राने भागायला विसरू नका, शोषण त्यात मिसळलेलं असतं. भागल्यावर शिखर आणि दरी यांत १.७ रेली अंतर हवं, म्हणजे तुमच्याकडे ४ मिलिमीटर. ६-७ आलं तर शलाका गाउसी नाही, नमुना जाड आहे किंवा उष्णता मध्ये आली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकाच ऊर्जेवर बीटा काढून थांबू नका. १, २.५, ५, १० मायक्रोज्यूल असा जिना घ्या. निव्वळ द्विफोटॉन शोषण असेल तर बीटा सगळीकडे तोच येतो. तीव्रतेबरोबर बीटा वाढत गेला तर बुडबुड्यांचं विखुरणं किंवा उत्तेजित अवस्थेतलं शोषण आहे. ओळखायला शलाकेपासून ३०-४० अंशांवर एक जादा डिटेक्टर लावा. मुख्य पारगमन घटताना तिकडचा प्रकाश वाढला तर ऊर्जा शोषली जात नाही, नुसती दिशा बदलते. लेझरपासून डोळे वाचवणारा पडदा करायचा तर विखुरणंही चालतं, पण मग त्याला बीटा म्हणू नये.

एमओएस-२ ला ५३२ वर आणखी एक गंमत आहे. तिथला फोटॉन २.३३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. ठोकळ्याची ऊर्जादरी १.२ ते १.३ आणि अप्रत्यक्ष, एकस्तरी पत्र्याची १.८ ते १.९ आणि प्रत्यक्ष. म्हणजे एकच फोटॉन पुरतो आणि आधी संतृप्ती (जास्त तीव्रतेला शोषण कमी होणं) दिसते: नाभीवर खड्ड्याऐवजी टेकडी. ऊर्जा वाढवली की टेकडीच्या मध्यावर खड्डा पडू शकतो. तो दिसला तर घाबरू नका आणि पुसूनही टाकू नका. संतृप्ती आणि बीटा दोन्ही असलेलं सूत्र बसवा. १०६४ ला फोटॉन १.१६५ चा, ठोकळ्याच्या दरीच्याही खाली. तिथे संतृप्ती दिसली तर कारण कडा आणि दोष. म्हणून दोन तरंगलांब्या मिळत असतील तर दोन्ही घ्या.

हिरवा_किरण

मासुंदाताई, एकस्तरी पत्र्यांचं द्विगुणन (पडलेल्या प्रकाशातून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश निघणं) याच मांडणीत मोजता येईल का?

मासुंदा

द्रवात नाही. नेहमीच्या रचनेत सम स्तरांच्या पत्र्यात व्युत्क्रम-सममिती (मध्यबिंदूतून उलटवली तरी रचना तीच) असते, द्विगुणित प्रकाश शून्य. विषम स्तरांत मिळतो, सर्वांत ठळक एका स्तरात. २०१३ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं गेलं. द्रवात सगळे स्तर आणि सगळ्या दिशा मिसळलेल्या, त्यामुळे अर्थ लागत नाही. त्यासाठी काचेवर वाढवलेला एकटा त्रिकोणी स्फटिक, सूक्ष्मदर्शक आणि फेमटोसेकंद लेझर लागतो. ध्रुवीकरण फिरवलं की सहा पाकळ्यांचं फूल मिळतं आणि त्यावरून स्फटिकाची दिशा कळते. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

पारसिक

द्रावक-बदलाची चाचणी झाली. सोडियम कोलेटच्या पाण्यात, पारगमन ४५ टक्क्यांवर आणून, ३३ मिलिवॉटला एकच पुसट वलय. त्याच शक्तीला एनएमपीत १०. एनएमपीतल्या जेन्शियन व्हायोलेटला ११. एन-२ चा आधीचा आकडा प्रबंधातून काढला आहे. त्या जागी उष्ण भिंगाचा हिशोब आणि हे तीन फोटो शेजारी शेजारी.

नवे पत्रे २८०० पटीच्या गाळातून घेतले, उंचवटा ६६६ वर सरकला आणि ८०० पुढची शेपटीही खाली आली. नमुने आणि कार्बन डायसल्फाइड लोकलने न्यायचे आहेत, काही काळजी?

येऊर_पायवाट

कार्बन डायसल्फाइड लोकलने अजिबात नेऊ नका. रेल्वेत ज्वालाग्राही द्रव नेण्याला मनाई आहेच. शिवाय तो ४६ अंशांना उकळतो, उणे ३० लाही त्याची वाफ पेट घेऊ शकते आणि ९० अंशांच्या आसपासचा गरम पृष्ठभागही त्याला पेटवायला पुरतो. विषारी तर आहेच. तिथल्या प्रयोगशाळेकडे बंद क्युवेटमध्ये भरलेला असेल तर तोच मागा, नसेल तर मापदंडाशिवाय काम करा आणि तसं लिहा.

नमुने लहान बाटल्यांत काठोकाठ भरा, वर हवा राहिली की हिंदकळून फेस आणि गोळे होतात. तिथे पोचल्यावर १० मिनिटं बाथ सॉनिकेटर, मग ५ मिनिटं स्थिर ठेवून बुडबुडे जाऊ द्या, मग क्युवेट भरा. वर्णपट निघण्याआधी एकदा आणि मोजमाप संपल्यावर त्याच क्युवेटमधल्या द्रवाचा परत एकदा. दोन्ही वक्र एकमेकांवर बसले नाहीत तर पत्रे गोळा झाले किंवा लेझरने जळले, आणि त्या दिवशीची शेवटची कोणती फेरी खरी धरायची ते मागे जाऊन शोधावं लागेल. म्हणून दर नमुन्याची पहिली फेरी शेवटी पुन्हा घ्या. आठ मिनिटं जातात, द्या ती.